थंडीत थोडं अंतर जाऊन बंद पडणारी जुनी गाडी: कार्ब्युरेटरमधला बर्फ कसा ओळखायचा आणि कसा घालवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी, कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) चालणारी पेट्रोल गाडी. थंडीच्या दिवसांत सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते आणि पाच-सात किलोमीटर छान धावते. मग हळूहळू ओढ जाते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही आणि गाडी थांबवली की इंजिन बंद. दहा मिनिटं उभी ठेवली की अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते आणि जणू काही झालंच नव्हतं अशी चालते. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल पंप सगळं बदलून झालं, कार्ब्युरेटरही खोलून साफ केला, तरी फरक नाही. आता काय बदलायचं?

आता काहीच बदलू नका. ही सगळी लक्षणं कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरण्याची आहेत, आणि हा दोष बहुतेक वेळा कार्ब्युरेटरचा नसतोच. कार्ब्युरेटरला ऊब मिळावी म्हणून कंपनीने जी सोय केलेली असते ती कुठेतरी तुटलेली असते, चोंदलेली असते, किंवा कुणीतरी ‘हे कशाला हवंय’ म्हणून काढून टाकलेली असते. ती शोधून पूर्ववत केली की त्रास जातो. म्हणून कार्ब्युरेटरला पाना लावण्याआधी तीन गोष्टी याच क्रमाने तपासा: गरम हवेची नळी, मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेची) ऊब आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप).

आधी हा बर्फ येतो कुठून ते समजून घ्या, कारण इलाज त्यातच आहे. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं ते याचमुळे. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण 350 किलोज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे 14.7 किलो हवा ओढतं. ही सगळी उष्णता त्या हवेतूनच गेली असं धरलं तर हवा 23-24 अंशांनी गार होते. प्रत्यक्षात सगळं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच वाफ होत नाही आणि थोडी ऊब धातूतूनही मिळते, त्यामुळे घट इतकी पूर्ण नसते. पण व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या आतल्या अरुंद गळ्यात) हवेचा दाब उतरतो, अर्धवट उघड्या थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या चकतीच्या) फटीतून हवा जोरात निसटते, आणि तिथे आणखी काही अंश कमी होतात. बाहेर 8 अंश असताना थ्रॉटलच्या चकतीपाशी तापमान सहज शून्याखाली जातं.

नुसतं तापमान उतरून बर्फ होत नाही, हवेत पाणीही असावं लागतं. 5 अंशांची पूर्ण दमट हवा दर घनमीटरमागे जवळजवळ 6.8 ग्रॅम बाष्प धरते. उणे 15 अंशांची हवा जेमतेम दीड ग्रॅम. म्हणून कडाक्याच्या कोरड्या थंडीत गाडी मजेत चालते, आणि धुकं, भुरभुर पाऊस किंवा बर्फ वितळतानाच्या ओल्या गारठ्यात, म्हणजे 0 ते 12 अंशांच्या पट्ट्यात, हमखास दगा देते. ‘काल याहून जास्त थंडी होती तेव्हा चालली, मग आज का नाही?’ याचं उत्तर हेच. पाणी किती म्हणाल तर हिशेब करून बघा. ताशी 80 किलोमीटरने, 100 किलोमीटरला 6 लिटर पेट्रोल पिणारी छोटी गाडी तासाला सुमारे 50 किलो हवा ओढते, म्हणजे साधारण 40 घनमीटर. 5 अंशांच्या दमट हवेत हे पाव किलोहून जास्त पाणी झालं. त्यातलं चमचाभर जरी चकतीच्या कडेला आणि स्लो जेटच्या (ॲक्सिलरेटर सोडलेला असताना पेट्रोल देणाऱ्या) भोकांपाशी गोठलं तरी आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहणं, संपलं.

हिवाळ्यासाठी ज्या भागात वेगळं पेट्रोल विकतात तिथे ते मुद्दाम लवकर उडणारं बनवलेलं असतं. सेल्फ मारताना त्याचा फायदा होतो, पण कार्ब्युरेटर जास्त गार पडतो. इथेनॉलच्या वाफेला किलोमागे पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्येही थंडावा वाढतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्रास न देणारी गाडी आता देते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

बर्फ कुठे धरतो त्यावर लक्षण बदलतं. शहरात, थांबत-चालत जाताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. तेव्हा बर्फ चकतीच्या कडेला आणि स्लो जेटच्या भोकांवर बसतो. गाडी चालताना फार कळत नाही, पण क्लच दाबला की इंजिन बंद. मोठ्या रस्त्यावर एकाच वेगाने बराच वेळ गेल्यावर बर्फ व्हेंच्युरीत आणि मेन नोझलभोवती (तिथे पेट्रोल बाहेर येणाऱ्या तोंडाभोवती) साठतो. तिथे वाट अरुंद झाली की हवा कमी, खेच जास्त. मिश्रण गडद होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), इंजिन घोगरं होतं, वेग आपोआप 80 वरून 60 वर येतो, कधी मागून काळा धूर दिसतो. काही वेळा नोझलच झाकलं जातं आणि उलट इंजिन पेट्रोलविना झटके खातं. त्यामुळे ‘काळा धूर नाही म्हणजे बर्फ नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

खात्री करून घ्यायची सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे डोळ्यांनी पाहणं. गाडी बंद पडली की सुरक्षित जागी घ्या, इग्निशन बंद करा आणि एक-दोन मिनिटांच्या आत एअर फिल्टरचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. व्हेंच्युरीच्या भिंतीवर किंवा नोझलवर पांढरा, दाणेदार थर दिसेल. हाताने थ्रॉटल उघडलात तर चकतीच्या कडेला तसाच थर किंवा नुकते वितळलेले थेंब दिसतील. उशीर केलात तर फक्त ओल सापडेल, कारण इंजिन बंद झाल्यावर मॅनिफोल्डची उष्णता वर चढते आणि पुरावा वितळवून टाकते. कार्ब्युरेटरच्या बाहेरच्या अंगावर दव किंवा पांढरेपणा दिसला तर तो इशारा समजा, पुरावा नव्हे. चांगल्या चालणाऱ्या गाडीतही तो दिसतो. फिल्टर काढलेला असताना सेल्फ मारू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट तोंडावर येते.

सारखी दिसणारी दुसरी दुखणी वेगळी काढणं सोपं आहे. कॉइल किंवा कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचे भाग) तापून जात असेल तर गाडी सुधारायला इंजिन गार व्हावं लागतं, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो; बर्फाच्या बाबतीत इंजिन गरम असतानाच पाच-दहा मिनिटांत काम होतं. शिवाय कॉइलचं दुखणं उन्हाळ्यात वाढतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा आवाज येतो आणि गाडी लगेच ठीक होते. टाकीत पाणी असल्याचा संशय असेल तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल साठवणारं भांडं) काचेच्या बाटलीत रिकामा करा. पाणी तळाशी गोळा होऊन वेगळं दिसतं. पेट्रोलच्या नळीत पाणी गोठलं असेल तर गाडी रात्रभर शून्याखाली उभी राहिल्यावर सकाळी सुरूच होत नाही, किंवा लगेच बंद पडते. चोक अडकून बंद राहिला असेल तर थंडी असो वा नसो, प्लग काजळीने काळे होतात.

आता पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: गरम हवा. बहुतेक जुन्या गाड्यांच्या फिल्टरच्या डब्याला हवा घेणारी दोन तोंडं असतात. एक पुढून गार हवा घेतं. दुसऱ्याला एक लवचिक नळी लागते. ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळलेला वायू इंजिनातून बाहेर नेणाऱ्या तापलेल्या भागावर) बसवलेल्या पत्र्याच्या आवरणाकडे जाते आणि तिथली तापलेली हवा ओढते. ही नळी पातळ ॲल्युमिनियमची किंवा कागद-फॉइलची असते, दोन-चार वर्षांत फाटते, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी ती काढून टाकतं. उन्हाळ्यात काहीच बिघडत नाही, म्हणून ती गेल्याचं कुणाला कळतही नाही. या तक्रारीत मी आधी ही नळीच बघायला सांगतो, कारण दोष बहुतेक वेळा इथेच निघतो.

नवी नळी घेताना फिल्टरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. 50 मिलिमीटरच्या आसपासची मापं नेहमीची, पण अंदाजाने घेऊ नका. प्लास्टिकची किंवा पीव्हीसीची नळी अजिबात नको, मॅनिफोल्डपाशी ती वितळते. दोन्ही टोकांना होज क्लिप लावा आणि नळीत थोडा ढिलेपणा ठेवा, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि ताणून बसवलेली नळी महिन्याभरात निसटते. मॅनिफोल्डवरचं आवरण गंजून गेलं असेल तर 0.8 ते 1 मिलिमीटरच्या साध्या पोलादी पत्र्याचं करून घ्या. मॅनिफोल्ड आणि पत्रा यांत 10 ते 12 मिलिमीटर अंतर ठेवा आणि खालची बाजू उघडी सोडा. हवा तिथूनच आत शिरते. आवरण चारी बाजूंनी बंद केलं तर नळीला ओढायला हवाच मिळत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, त्यावरचा जस्ताचा थर उष्णतेने जळतो. ॲल्युमिनियमचे रिव्हेटही नकोत. जवळून जाणारी पेट्रोलची नळी किंवा वायर पत्र्याला टेकत नाही ना, ते शेवटी हात फिरवून बघा.

मग झडप, म्हणजे डब्यात गार हवा घ्यायची की गरम ते ठरवणारी. ती तीन प्रकारची असते. पहिली हाताने फिरवायची: डब्यावर उन्हाळा-हिवाळ्याची खूण असलेला लेव्हर किंवा फिरवता येणारं तोंड. बाहेर 10-12 अंशांच्या खाली जाऊ लागलं की ते हिवाळ्याकडे करा, इतकंच. दुसरी मेणाच्या थर्मोस्टॅटवर चालते. ती काढून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर झडपेने गार हवेची वाट पूर्ण बंद केलेली असली पाहिजे. मग 40-45 अंशांच्या पाण्यात धरा, ती उलट बाजूला सरकली पाहिजे. मधेच अडकत असेल तर बिजागरीतली धूळ-तेल साफ करा. तरीही हलली नाही तर मेणाची कॅप्सूल गेली.

तिसरी व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या हवा ओढण्याच्या खेचीवर) चालणारी, आणि इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. डब्याच्या तोंडावर एक गोल डायफ्रॅम (खेच मिळाली की झडप उचलणारा पडदा) असतो, आत फिल्टरपाशी तापमान बघणारा छोटा सेन्सर असतो, आणि दोन बारीक रबरी नळ्या मॅनिफोल्डपासून सेन्सरकडे व सेन्सरपासून डायफ्रॅमकडे जातात. गार इंजिन सुरू करून आरसा धरून बघा: झडप लगेच उचलून गरम हवेकडे गेली पाहिजे. न उचलल्यास डायफ्रॅमची नळी काढून तिथे स्वच्छ नळी लावा, तोंडाने हवा ओढा आणि टोक जिभेने बंद धरा. झडप उचलून किमान 20 सेकंद तशीच राहिली तर डायफ्रॅम ठीक; खाली पडली तर तो फाटला आहे. डायफ्रॅम ठीक असेल तर सेन्सर वगळून मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम थेट डायफ्रॅमला द्या. आता झडप उचलली तर दोष सेन्सरचा, नाहीच उचलली तर मॅनिफोल्डकडची नळी चिरलेली किंवा बुजलेली. या प्रकाराची एक गंमत लक्षात ठेवा: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम कमी होतं आणि झडप गार हवेकडे पडते. त्यामुळे गाडी दम तोडायला लागल्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबत राहिलात तर स्वतःच्याच हाताने गरम हवा बंद करता.

ज्या गाडीला उघडा, शंकूसारखा फिल्टर आणि नळ्यांचा एक्झॉस्ट बसवला आहे तिला मूळची ही सोय पूर्णपणे गेलेली असते. हिवाळ्यापुरता तरी मूळ डबा परत बसवा, दुसरा चांगला उपाय नाही.

बसवून झाल्यावर अंदाजावर थांबू नका. मल्टिमीटरची तापमान मोजणारी बारीक तार फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या वर ठेवून झाकण लावा. बाहेर 5 अंश असताना गाडी पाच मिनिटं चालवल्यावर तिथे 30 ते 45 अंश दिसले पाहिजेत. 15 च आले तर कुठून तरी गार हवा शिरते आहे: फाटलेली नळी, अर्धवट बसलेली झडप किंवा डब्याचं गेलेलं रबर.

दुसरी गोष्ट मॅनिफोल्डची ऊब. काही इंजिनांत कार्ब्युरेटरखालच्या मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतं. इंजिन तापल्यावर त्याच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावा. एक गरम आणि एक गार असेल तर मार्ग गाळाने बुजला आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. दोन्ही नळ्या सोडवून उलट्या दिशेने पाण्याचा झोत मारा, मग कूलंट भरताना तिथली हवा काढा.

काही इंजिनांत एक्झॉस्टचा वायूच मॅनिफोल्डखालून नेलेला असतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये इनटेकच्या नळीला चिकटून एक बारीक नळी जाते. तिच्यातून एक्झॉस्ट वायू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो आणि मधल्या भागाला ऊब देतो. ती काजळीने ठार बुजते. इंजिन काही मिनिटं चालल्यावर नळीच्या दोन्ही बाजू गरम हव्यात. मधोमध दव किंवा बर्फ दिसला तर नळी बुजलेली आहे. साफ करायला मॅनिफोल्ड काढावा लागतो आणि जुन्या पोलादी केबलचा तुकडा ड्रिलला लावून आत फिरवावा लागतो. बसवताना दोन्ही टोकांची पॅकिंग नवी घाला. व्ही आकाराच्या मोठ्या इंजिनांत हेच काम एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेली स्प्रिंगची झडप करते. ती गंजून उघडीच राहते. गार इंजिनावर ती बंद असली पाहिजे आणि हाताने मोकळी फिरली पाहिजे.

ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत कार्ब्युरेटरखाली विजेचा काटेरी हीटर असतो. तो सुरुवातीला भरपूर करंट ओढतो, म्हणून हीटरपेक्षा त्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंगची तार आणि कनेक्टरच आधी खराब होतात. गार इंजिन, इग्निशन चालू: हीटरच्या तारेवर बॅटरीइतका व्होल्टेज आला पाहिजे. येत असेल तर तार काढून हीटरचा रेझिस्टन्स मोजा. एक ओमच्या आत हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. तारेवर व्होल्टेजच नसेल तर फ्यूज, रिले आणि कूलंटचा तापमान-स्विच या क्रमाने मागे जा.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये कुणी जाड बेकेलाइटचा स्पेसर घातला आहे का तेही बघा. उन्हाळ्यातला व्हेपर लॉक (पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटणं) टाळायला तो उपयोगी, पण मॅनिफोल्डची ऊब कार्ब्युरेटरपर्यंत येऊ देत नाही. मूळच्या जाडीचाच ठेवा.

तिसरा थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला किंवा काढून टाकला तर इंजिन कधी तापतच नाही, आणि मग वरचे सगळे उपाय अर्धवट पडतात. गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला हात लावून बसा. पहिली काही मिनिटं पाईप गारच राहून मग अचानक गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदला, आणि त्यावर छापलेलं तापमान गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच घ्या. 82 किंवा 88 अंश हे नेहमीचे आकडे. रेडिएटरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकण्याची जुनी पद्धत चालते, पण निम्म्याहून जास्त झाकू नका आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

पेट्रोलमध्ये घालायच्या औषधांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्ती होईपर्यंतचा आधार म्हणून ठीक, कायमचा इलाज म्हणून नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल काम करतं, पण ते 99 टक्के शुद्ध हवं. 70 टक्क्यांचं निर्जंतुकीकरणाचं घेतलंत तर टाकीत पाणीच ओताल. प्रमाण अर्धा ते एक टक्का, म्हणजे 40 लिटरला 200 ते 400 मिलिलिटर; आधी अल्कोहोल ओता आणि मग पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं. मिथेनॉल घालू नका, ते ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग खातं आणि जुनं रबर फुगवतं.

रस्त्यात गाडी दम तोडू लागली तर ॲक्सिलरेटर सोडून सोडून दाबू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट बंदच ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. बॉनेट उघडलंत तर हवी असलेली उष्णताच निघून जाते. एक धोका मात्र गंभीर आहे: बर्फाने थ्रॉटलची चकती उघड्या स्थितीत धरून ठेवली तर पाय उचलूनही इंजिनाचा वेग उतरत नाही. अशा वेळी क्लच दाबा, ब्रेक लावा आणि इग्निशन बंद करा, पण किल्ली बाहेर काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. असं एकदा जरी झालं तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी ओल्या थंडीत बाहेर काढू नका.

उकळतं पाणी ओतणं आणि हेअर ड्रायर किंवा हीट गन लावणं, दोन्ही टाळा. पहिल्याने कास्टिंगला तडा जाऊ शकतो. दुसऱ्यात पेट्रोलच्या वाफेपाशी ठिणगी येते. आयडलिंगचा स्क्रू घट्ट करून 1200 आरपीएमवर ठेवल्याने तक्रार थोडी झाकली जाते, बर्फ तसाच धरत राहतो. वर ब्रेक लावताना गाडी पुढे रेटते. हिवाळ्यात 50-100 आरपीएम वाढवणं मात्र योग्य आहे. चोक अर्धा ओढून चालवण्यानेही बर्फ जात नाही, फक्त प्लग काळे होतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं.

दुरुस्ती झाल्यावर तशाच ओल्या हवेत, त्याच अंतरावर गाडी चालवून बघा. कोरड्या उन्हात घेतलेली चाचणी इथे काही सांगत नाही. आणि हाताने फिरवायचा लेव्हर असेल तर ऊन तापू लागल्यावर तो परत उन्हाळ्याकडे करायला विसरू नका. हवा दर 3 अंशांनी तापली की सुमारे एक टक्का विरळ होते, त्यामुळे गरम हवेवर चढणीला ताकद कमी पडते आणि भर उन्हात इंजिन नॉकिंग करू लागतं, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज येतो.